लेकीचं दार

चपला इथंच काढा, आणि त्या दगडावर बसू नका. हो, तोच, काळा. शेंदूर नाही, फूल नाही, म्हणून तुम्हांला साधा वाटला असेल. बसायला अख्खा काठ पडलाय, खुशाल ऐसपैस बसा.

हा समोरचा कुंभेरवाडीचा बांध. सरी नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत नुसता दगडावर दगड. ना चुना, ना सिमेंट. भादव्यात पाणी उतरायला लागलं की बांधाच्या फटींत आम्ही बांबूच्या निमुळत्या टोपल्या लावतो. त्यांत मासा शिरला की त्याला मागं फिरता येत नाही. पण मधोमध पाहा. माणूस हात पसरून उभा राहील एवढं खिंडार आहे, आणि तिथं टोपली नाही, जाळं नाही, काही नाही. येणारा प्रत्येक शहाणा मला विचारतो, आजोबा, सगळ्यात जास्त पाणी तिथून जातं म्हणजे मासाही तिथूनच जाणार, मग तेवढंच उघडं का ठेवलं? मी म्हणतो, बाबा रे, म्हणूनच ठेवलं. त्याला लेकीचं दार म्हणतात.

गोष्ट फार मागची. किती मागची ते विचारू नका. माझ्या आज्याला ती त्याच्या आज्यानं सांगितलेली. तेव्हा हा बांध चांगो नावाच्या ठाकराकडे होता. बांध साऱ्या वाडीचा, पण दगड कुठं बसवायचा, टोपली केव्हा लावायची, माशांचे वाटे कसे घालायचे, हे बांधकऱ्यानं ठरवायचं, आणि चांगोचा शब्द कधी खाली पडला नाही म्हणे. त्याची बायको ठकी. दोघांना एकच लेक, नवसानं झालेली, म्हणून तिचं नाव नवशी. ती नदीपलीकडे, डोंगराच्या त्या अंगाला दिलेली. त्या साली तिला दिवस गेलेले होते आणि ते भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तेव्हाही होतीच. रोज सकाळी ठकी पलीकडच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

जुन्यांचं एक सांगणं होतं. पावसाळा लागला की मासा खालच्या डोहांतून वर चढतो तो पोटात अंडी घेऊन. वरच्या ओहोळांत, खाचरांत तो ती टाकतो, आणि भादव्यात त्याची पिल्लावळ मोठी होऊन खाली येते. म्हणून चढता मासा देवाचा आणि उतरता मासा आपला, असं म्हणायचे. पण ते नुसतं सांगणं होतं, आणि भुकेपुढं नुसत्या सांगण्याला कोण विचारतो?

दोन पावसाळे कोरडे गेले होते, असं सांगतात. तिसरा लागेपर्यंत कणग्यांचे तळ दिसायला लागले. माणसं रानातला कडू कंद उकडायची, त्याचा कडूपणा जावा म्हणून रातभर झऱ्याच्या पाण्यात ठेवायची आणि तो गिळायची. काही घरांनी तर बियाण्याची नाचणी दळली. ज्यानं बियाणं दळलं त्यानं आशा सोडली, एवढं समजून घ्या. हशा नावाच्या म्हाताऱ्याची नात त्यात गेली. तिला माती दिली आणि नदीला पाणी आलं, पाण्याबरोबर मासा चढायला लागला.

हशा चांगोच्या दारात येऊन उभा राहिला. रडला नाही, भांडला नाही. यंदा बांध पुरता बंद कर, एवढंच म्हणाला. चांगोनं ठकीकडे पाहिलं, ठकीनं थंड चुलीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. पुढं जन्मभर तिला त्या न बोलण्याची टोचणी राहिली म्हणे.

दुसऱ्या दिवशी वाडी कामाला लागली. कारवीच्या काठ्यांचे कूड आणले, चिखलानं लिंपले, फटी बुजवल्या. मधल्या खिंडारात हा काळा दगड सगळ्यांनी मिळून लोटला आणि चांगोनं पाण्याखाली जाऊन त्याला लाकडाची पाचर मारली. पाचर नेमकी कुठं बसली ते त्याच्या एकट्याच्या हाताला ठाऊक. मग काय विचारता! वर चढणारा मासा बांधाच्या पायथ्याशी येऊन अडला. उड्या मारतोय, दगडांवर आपटतोय, पोरांनी हातांनी उचलावा इतका. कितीतरी दिवसांनी घराघरांतून मासे भाजल्याचा धूर निघाला.

ठकी मासे साफ करायला बसली. पहिल्याचं पोट फाडलं, अंडी. दुसऱ्याचं फाडलं, अंडी. पाटीभर माशांत एक पोट रिकामं निघेना. तिचा हात थांबला. ती नवऱ्याला म्हणाली, "आपण पुढच्या सालचं आज खातोय."

"पुढचं साल बघायला आधी जगायला पाहिजे," चांगो म्हणाला.

त्याचंही खोटं नव्हतं हो. ठकीनं ती अंडी मिठात शिजवली, आणि ती तिला गोड लागली. हे तिनं कधी लपवलं नाही.

आता चूक कुठं झाली ते ऐका. नदी ओलांडायचा उतार बांधाच्या वरच्या अंगाला होता, ते पाहा, त्या उंबराजवळ. एरवी तिथं गुडघाभर पाणी. बांध आजवर कधी पुरता बंद केलाच नव्हता, त्यामुळे बंद केल्यावर पाणी मागं किती तुंबेल हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचे डोळे खालच्या माशांवर. वर उतार बुडाला, तिथं माणूस बुडेल एवढा डोह झाला, तरी कुणी मान वळवून पाहिलं नाही.

पाहिलं ते ठकीनंच, तेही दुसऱ्या दिवशी दुपारी, डोंगरावर आभाळ काळंठिक्कर झालं तेव्हा. पलीकडच्या वाटेनं दोन बायका उतरत होत्या. पुढची चार पावलं टाकत होती आणि वाकून उभी राहत होती. आईला चाल ओळखायला वेळ लागत नाही. नवशीला वाटेतच कळा सुरू झाल्या होत्या. सासू तिला खांद्याला धरून आणत होती. दोघी काठाशी आल्या आणि थांबल्या, कारण उतारच नव्हता. मागं वळावं तर डोंगरातली नाळ, म्हणजे ज्या घळीतून त्या उतरल्या ती, धो धो भरून आली होती. इकडं आड, तिकडं विहीर. दोघी एका खडकावर चढल्या आणि खडकाभोवती पाणी चढायला लागलं.

ठकीनं हंबरडा फोडला नाही. धावत जाऊन तिनं नवऱ्याला काठावर आणलं. चांगोनं वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधली आणि उडी टाकली. पाण्यानं त्याला गरगर फिरवून परत याच काठाला आणून आपटलं. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तोवर डोंगरावर पाऊस आणखी जोरात कोसळायला लागलेला दिसत होता. ते पाणी खाली आलं की खडक जाणार, हे काठावरच्या पोरासोरांनाही कळत होतं.

आता एकच वाट उरली होती. बांध फोडायचा, तुंबलेलं पाणी सोडायचं, म्हणजे उतार पुन्हा लागेल. पण बांध फुटला की पायथ्याशी अडलेला सगळा मासा वर निघून जाणार. पायथ्याशी भरून ठेवलेल्या पाट्याही वाहून जाणार. पुन्हा कडू कंद, आणि या खेपेला कुणाच्या घरातलं कोण जाईल ते सांगता येत नव्हतं. वाडी सारी काठावर उभी, आणि कुणी कुणाकडे बघेना.

चांगो तसाच निथळत उभा राहिला. त्याला धीर होईना. ज्या हातानं वाडीच्या तोंडी घास दिला त्याच हातानं तो काढून घ्यायचा, तोही स्वतःच्या लेकीसाठी. तो हशाला म्हणाला, "बांध वाडीचा आहे. लेक माझी आहे. तुम्ही सांगाल तसं."

हशानं खडकाकडे पाहिलं. पलीकडून नवशीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज ऐकून बायांनी कानांवर हात ठेवले.

ठकीला काय वाटलं ते ठकीलाच ठाऊक. सांगतात ते असं, की तिनं आधी लेकीकडे पाहिलं आणि मग बांधाच्या पायथ्याशी डोकं आपटणाऱ्या माशांकडे. पदर खोचून ती सरळ बांधावर चढली आणि कारवीचा कूड उपसायला लागली. उपसता उपसता म्हणाली, "भरल्या पोटाची लेक माहेरी येते, तेव्हा कुणी दार लावून घेतं का? काल आपण लावलं. एकीला नाही, सगळ्यांना लावलं."

काठावर कुणी हललं नाही. मग हशा पुढं झाला. ज्याची नात गेली होती तोच, बरं का. गुडघे धरत बांधावर चढला आणि ठकीच्या शेजारी दगड काढायला लागला. त्याच्यामागं मग सगळी वाडी धावली. कूड निघाले, वरचे दगड निघाले, तरी पाणी हटेना, कारण मधला काळा दगड जागचा हलत नव्हता. पाचर काढल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि पाचर पाण्याखाली होती.

चांगोनं ठकीकडे पाहिलं. तिला कळलं. दगड निघाला की सगळी नदी त्याच फटीतून जाणार, आणि पाचर काढणारा फटीच्या तोंडाशी असणार. तिनं त्याला नको म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. चांगोनं सांगड सोडून तिच्या हातात दिली, कारण ती बांधून खाली जाता येत नाही, आणि तो पाण्याखाली गेला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बांध आतून हुंकारल्यासारखा वाजला आणि नदी मोकळी झाली.

पाणी झरझर उतरलं. उंबराजवळचा उतार कमरेएवढ्या पाण्यात उघडा पडला. बायाबापड्यांनी हाताला हात धरून नदीत साखळी केली. ठकीनं नवशीला आणि तिच्या सासूला खडकावरून उतरवलं. त्या येत होत्या तेव्हा मासाही वर निघाला होता. नवशी पुढं सांगायची म्हणे, की पाय ठेवायला जागा नव्हती, माझ्या पिंढऱ्यांना घासून मासे जात होते, मी एकीकडे चालले होते आणि ते एकीकडे, पण आमची घाई एकच होती. काठाला लागली आणि त्या उंबराखाली ती बाळंत झाली. मुलगी झाली. त्याच घटकेला डोंगराचं पाणी आलं आणि पलीकडचा खडक दिसेनासा झाला.

नवशीनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, बा कुठाय? मी पोचले म्हणून त्याला सांगा.

ठकीच्या हातात नुसती सांगड होती. पूर ओसरल्यावर वाडीनं सरीचे दोन्ही काठ धुंडाळले. हा काळा दगड खाली वळणावर सापडला. चांगो सापडला नाही. काही लोक सांगतात, तो पार खालच्या गावात लागला आणि लंगडत परत आला. तसं ऐकायला बरं वाटतं. मी मात्र तसं सांगत नाही.

तो पावसाळा वाडीनं कडू कंदावर काढला. पण भादव्यात वरून जो मासा उतरला, तसा कुणी पाहिला नव्हता. ठकी त्या खिंडारात उभी राहिली आणि म्हणाली, बाजूनं लावा टोपल्या, हे दार मात्र उघडं राहील. तेव्हापासून जुन्यांचं ते सांगणं नुसतं सांगणं राहिलं नाही, वाडीची रीत झाली.

आता पावसाचं काही खरं राहिलेलं नाही. कधी मृग कोरडा जातो, कधी महिन्याचं पाणी दोन दिवसांत पडतं. त्यामुळे टोपल्या केव्हा लावायच्या यावर आमची दर साली काठावर बसून वादावादी होते. मागं वरच्या अंगाला सिमेंटचा बंधारा घालायचं निघालं. पाणी आम्हांलाही हवंच होतं. सगळी वाडी बसली आणि म्हणाली, घाला, पण मधे दार ठेवा. त्यांनी ठेवलं. दार असावं की नसावं, यावर कुंभेरवाडीत वाद होत नाही.

आणि हा दगड, वाडीनं वळणावरून ओढून इथं आणलेला. आजही वाडीची लेक पहिल्या बाळंतपणाला येते, तेव्हा ती आधी घरी जात नाही. इथं येते, वाकता येईल तेवढं वाकते, याच्यावर हात ठेवते आणि म्हणते, "बा, पोचले मी." मग तिला घरात घेतात.

परवा माझी नात येऊन गेली. बघा, तिच्या ओल्या हाताची माती अजून आहे त्याच्यावर.