वेशीबाहेरची माणसं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या पेठेत ती घडली तिचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर ती पेठ होती. दर गुरुवारी तिथं बाजार भरे. डोंगरातली माणसं मध, हिरडा, नाचणी, बांबूच्या टोपल्या घेऊन खाली उतरत. तो माल उचलायला दूरदूरचे व्यापारी बैल घेऊन येत. व्यापारी आले की तांबट, कोष्टी, तेली, कुंभार, सगळ्यांच्या चुली पेटत. एका दिवसाच्या बाजारावर गाव आठवडाभर जेवत असे.

गावचा कारभार पंच पाहत. त्यांतले मुख्य बहिरजी शेटे. माणूस सरळ आणि कष्टाळू. पेठेवर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. मात्र एकदा दिलेला हुकूम त्यांनी कधी मागं घेतला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान वाटे.

पुढं काय झालं, बाजार ओसरू लागला. आधी डोंगरची माणसं कमी झाली, मग यायचीच थांबली. माल नाही म्हटल्यावर व्यापाऱ्यांचे बैलही दुसऱ्या वाटेनं वळले. तांबट आळीतली ठोकाठोक बंद पडली. गुरुवार येई आणि इतर दिवसांसारखाच जाई.

पंच देवळाच्या ओट्यावर बसले. कुणी म्हणालं, रस्ता खराब आहे. कुणी म्हणालं, बसायला सावली नाही. शेटे म्हणाले, "तर्क कशाला? विचारून घेऊ." अंबादास कासार बांगड्या भरायला डोंगरातल्या वाड्यांवर जात असे. त्यालाच पाठवलं.

अंबादास परत आला, पण खाली बसेना.

"शेटे, सांगू का? ऐकवणार नाही."

"सांग."

"ती माणसं म्हणतात, तुमच्या वेशीबाहेर आमची माणसं वाहून गेली."

सगळ्यांना आठवलं.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका गुरुवारी नदीला अचानक पाणी चढलं होतं. डोंगरच्या माणसांना पलीकडं जाता येईना. गावात एकदा चोरी झाली होती, तेव्हापासून पंचांचा नियम होता की दिवेलागणीनंतर परका माणूस वेशीच्या आत नको. ती माणसं वेशीशी येऊन हाका मारू लागली. पहारेकरी शेट्यांना विचारायला आला. शेटे म्हणाले, "नियम म्हणजे नियम. वेस उघडू नका. सकाळी बघू." सकाळी पाहिलं, तर वेशीबाहेर नदीकाठच्या ज्या वाळवंटात ती माणसं बसली होती तिथं नुसतं पाणी होतं. जी वाचली ती पाणी ओसरल्यावर डोंगर चढून घरी गेली. गावातून विचारपूस करायलासुद्धा कुणी वर गेलं नाही.

"त्यांचं मागणं काय आहे?" एका पंचानं विचारलं.

"वरच्या वाडीत ठमाई म्हणून म्हातारी आहे. तिचा मुलगा, सून आणि तान्हं नातवंड त्यात गेलं. सगळी वाडी तिचं ऐकते. ती म्हणाली, आम्हाला काही देऊ नका. ज्यानं वेस लावून घेतली त्यानं एकदा वर यावं, गेलेल्यांची नावं ऐकावीत, आणि 'माझं चुकलं' म्हणावं. मग आम्ही उतरू."

शेट्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "नियम गावासाठी केला होता. पूर काही मी आणला नाही."

"पूर तुम्ही आणला नाहीत, शेटे. पण वेस..."

"पुरे!"

बाकीच्या पंचांनी माना खाली घातल्या. एकजण पुटपुटला, "खरं आहे. पूर देवाच्या हातचा." अंबादास निघून गेला.

घरी सगुणाबाईंनी ताट वाढलं. गोष्ट त्यांच्या कानावर आली होती. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "दोन शब्दांचं काम आहे."

"आज ते वाकवतील, उद्या जो तो पंचांना वाकवायला येईल."

"अहो, त्यांची माणसं गेलीत."

शेटे ताटावरून उठले. पंचांना जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. पुराच्या त्या रात्री ते घरात जागे होते. वेशीवरच्या हाका त्यांना ऐकू आल्या होत्या. त्यांत एका बाईचा आवाज होता, "बाबा, लेकरू हाय संगं!" मग तो आवाज थांबला होता. आता त्या बाईचं नाव ऐकायचं, याचीच त्यांना भीती वाटे. मान खाली घालण्याची लाज होतीच, पण भीती त्याहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचांना सांगितलं, "आपण पेठ नव्यानं उभी करू. अशी, की लोक आपण होऊन येतील."

आणि कामाला सुरुवात झाली. बाजारात फरसबंदी घातली. माल मांडायला दगडी ओटे बांधले, त्यांवर छपरं चढवली. विहिरीतला गाळ काढला. प्रत्येक घरातून माणूस कामावर आलं. शेट्यांनी स्वतः दगड वाहिले, त्यांचे खांदे सोलून निघाले. त्यांना तसं राबताना पाहून गावात पुन्हा आशा आली. बायका दगड उचलताना गाणी म्हणू लागल्या. मात्र सगळे हात दगडांना लागल्यामुळं माग बंद पडले, चाकं थांबली, आणि बियाण्यासाठी ठेवलेलं धान्यही खाऊन संपलं. "बाजार भरला की सगळं भरून निघेल," शेटे म्हणत. लोकांचाही त्यावर विश्वास होता.

नव्या बाजाराचा पहिला गुरुवार उजाडला. रांगोळ्या काढल्या, तोरणं बांधली, वाजंत्री बसवले. तेलीण तेलाचं मडकं घेऊन ओट्यावर बसली. शेटे नवं पागोटं घालून वाटेकडं बघत उभे राहिले. सकाळ गेली. ऊन डोक्यावर आलं. एक धनगर मेंढरं घेऊन आला. विहिरीचं पाणी पिऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं लगीन हाय का इथं?" तो पुढं गेला. संध्याकाळी तेलीण मडकं जसंच्या तसं उचलून घरी गेली.

पुढच्या गुरुवारी पंचांनी कुस्त्या ठेवल्या. आसपासच्या गावचे लोक आले, कुस्त्या पाहिल्या, बांधून आणलेली भाकरी खाल्ली आणि गेले.

मग घरं उठू लागली. आधी तांबट गेले. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आता नवा बाजार भरत होता, डोंगरची माणसं तिथं बसत होती. मग कोष्टी गेले. जाणारा प्रत्येकजण शेट्यांचा निरोप घ्यायला येई. सुरुवातीला शेटे रागावत. पुढंपुढं ते बाहेरच येईनात.

अंबादासही आला. तो दारातूनच म्हणाला, "शेटे, ठमाई अजून आहे. थकलीय, पण आहे."

आतून आवाज आला, "पावसाळा सरू दे. बघतो."

पावसाळा सरता सरता सगुणाबाईंना ताप भरला. गावात वैद्य उरला नव्हता. शेट्यांनी निरगुडीचा काढा पाजला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला नाही. जाण्याआधी त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊन या हो." सकाळी त्या गेल्या, आणि खांदा द्यायला माणसं गोळा करेपर्यंत दुपार कलली.

दिवसकार्य आटोपलं आणि बहिरजी शेटे काठी घेऊन डोंगर चढू लागले.

वाडीत एक तरुण मुलगी उखळात नाचणी कांडत होती.

"ठमाईचं घर कुठलं, बाई?"

"हेच. आजी गेली, बाबा. याच पावसाळ्यात."

शेटे काठीवर भार टाकून उभे राहिले. "मी खालच्या पेठेचा शेटे."

मुलीनं मुसळ खाली ठेवलं. ती रागावली नाही. आत जाऊन पाणी घेऊन आली. "आजी तुमची वाट बघायची," ती म्हणाली. "रोज कड्यावर जाऊन बसायची. आम्ही म्हणायचो, कोण येतंय? ती म्हणायची, येईल, तोबी माणूसच हाय."

"माझं चुकलं," शेटे म्हणाले. वर्षानुवर्षं न बोललेले शब्द सहज बाहेर पडले. ते इतके हलके असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हे तिला सांगायचं होतं, बाबा. मी काय बोलू?"

"गेलेल्यांची नावं सांग."

मुलीनं आठवून आठवून काही नावं सांगितली. मग ती थांबली. "सगळी आजीलाच ठावकी होती. माझ्या काकीचं नाव सखू. तिच्या लेकराचं बारसं झालं नव्हतं."

शेट्यांनी एकेक नाव परत उच्चारलं. शेवटी त्यांनी विचारलं, "आता खाली याल का?"

मुलगी त्यांच्याकडं पाहत राहिली. तिला त्यांची कीव आली असावी. "तिकडच्या बाजारात आमची जागा ठरलीय, बाबा. लोक ओळखीचे झाले. आता खाली कशाला?" ती पुन्हा उखळाशी बसली.

शेटे एकटेच उतरले. राहिलेल्या पंचांना त्यांनी सगळं सांगितलं. हाका ऐकल्या होत्या, हेही सांगितलं. एका पंचानं विचारलं, "मग आता काय करायचं?"

"आता करण्यासारखं काही नाही," शेटे म्हणाले. "होतं, तेव्हा मी दगड वाहत होतो."

पुढच्या वर्षी ते पंचही गाव सोडून गेले. त्यानंतर शेटे काही काळ त्या गावात एकटे राहिले. त्यांना खांदा कुणी दिला, ते कुणाला माहीत नाही. ओट्यांची छपरं वाऱ्यानं उडाली. फरसबंदी मात्र पक्की होती. ती पुष्कळ वर्षं तशीच राहिली, आणि तिच्यावर कधी बाजार भरला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: माणसं ज्या चुकीमुळं दुरावली ती वेळेवर कबूल केली नाही, तर गाव कितीही नव्यानं बांधलं तरी ते वसत नाही.