पट्टा बांधलेली घोडी

"पट्टा बांधलेलीच का मरतात, अक्का?"

हिंदुराव घार्ग्यांनी हातातला पट्टा देवळाच्या ओट्यावर ठेवला. केशरी, गाडीच्या उजेडात लांबून चमकणारा. ज्याच्या गळ्यात तो होता ते घोडं आदल्या दिवशी ट्रकखाली गेलं होतं.

बायजाक्का लोकर कातत बसली होती. तिनं पट्ट्याकडे पाहिलं, हिंदुरावांकडे पाहिलं, आणि पुन्हा हात चालू केला.

बायजाक्का ऐंशीची धनगरीण. जन्म मेंढरांमागे गेला, म्हातारपण माळावरच्या बिरोबाच्या देवळात. आसपासची माणसं तिला काहीबाही विचारायला येत. ती क्वचितच उत्तर देई, आणि दिलं तरी ते घरी नेऊन उलगडावं लागे. हिंदुराव दर रविवारी येत आणि स्वतःला तिचे शिष्य म्हणवत. ती त्यांना ‘ड्रायवर’ म्हणे.

ड्रायव्हर तर ते होतेच. एकोणतीस वर्षं एसटी चालवली, कुठं साधा ओरखडा नाही. त्याबद्दल मिळालेला बिल्ला निवृत्तीनंतरही त्यांच्या छातीवर असायचा. कुणी विचारलं नाही तरी ते सांगायचे, कशाबद्दल मिळाला ते.

आणि माळावर पुष्कळ घोडी होती. एके काळी धनगरांचे संसार पाठीवर वाहणारी. पुढं पिकअप गाड्या आल्या, घोडी माळावर सोडून दिली गेली, आणि दोन-तीन पिढ्यांत पार रानटी झाली. मग माळ चिरत चौपदरी रस्ता आला. चरायचं रान एका अंगाला, पाणी दुसऱ्या अंगाला.

हिंदुरावांनी किराणा दुकानदार, एक पोस्टमन, दोन मास्तर असे सात-आठ जण जमवले. सकाळ-संध्याकाळ घोडी पाण्यावर जायच्या वेळी ते लाल झेंडे घेऊन रस्त्यावर उभे राहत आणि गाड्या थांबवत. गाव त्यांना ‘वरातीमागून घोडं’ म्हणून हसायचं. हिंदुराव मनावर घेत नसत. घोडी वाचत होती, त्यांना तेवढं बस्स होतं.

पण झेंडेवाले चोवीस तास कुठून आणायचे? म्हणून पट्टे.

"यंदा पाच गेली," हिंदुराव म्हणाले. "पाचही पट्ट्यातली. बिनपट्ट्याची तीस-पस्तीस हायत, त्यांच्या केसाला धक्का न्हाई. मी सगळं करून बघितलं. कुठं घोडं पेंड खातंय, तेच कळंना."

"बांधतोस कसा?"

"काय?"

"पट्टा. रानटी जनावर. बांधून घेतंय?"

हिंदुरावांचा चेहरा खुलला. दुःखातही खुलला. हा त्यांचा आवडता विषय.

"चार महिनं घालवलं, अक्का. आधी माणूस दिसला की टेकडीपार पळायची. मी काय केलं... जीप घेऊन यायचं, हॉर्न द्यायचा, गूळ-चणं टाकायचं आणि लांब जायचं. मग रोज थोडं जवळ. आता हॉर्न दिला की पट्ट्यातली चौदाच्या चौदा धावत येतात. शेवंती तर सरळ खिशात तोंड घालती."

शेवंतीचं नाव घेताना त्यांचा आवाज मऊ झाला. माळावरच्या घोड्यांना नावं नसतात, पण हिला हिंदुरावांनी दिलं होतं. पहिला पट्टा हिलाच. एवढं कौतुक सुनेचं केलं असतं तर ती माहेरी गेली नसती, असं त्यांची बायको म्हणायची.

"गाभण हाय ती," हिंदुराव म्हणाले. "तिला काय झालं तर मला सोसायचं न्हाई, अक्का. खरं सांगतो."

"आता कुठं हाय?"

"ती काय. रस्त्यापलीकडं, उतारावर."

"बोलाव."

हिंदुराव ताडकन उठले. जीप लिंबाखाली उभी होती. आत बसून त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि सवयीनं रस्ता पाहिला. घाटाकडून एक ट्रक येत होता.

त्यांचा हात थांबला.

"ट्रक जाऊ दे, अक्का. मग बोलावतो."

बायजाक्का कातत राहिली.

ट्रकच्या पुढं एक मोटारसायकल रेंगाळत होती. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. लांबलचक.

पलीकडच्या उतारावर शेवंतीनं मान वर केली. कान टवकारले. आणि ती निघाली. जड पोट सावरत, दुडक्या चालीनं, सरळ रस्त्याकडे.

"ए... ए शेवंते! हो, हो!"

हिंदुरावांचा आवाज तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

ती दहा पावलांवर असताना ट्रक निघून गेला. वाऱ्यानं तिची आयाळ उडाली. डांबराच्या कडेला येऊन ती उभी राहिली आणि लांब जाणाऱ्या ट्रककडे पाहू लागली. चण्यांची वाट पाहत.

हिंदुरावांनी चटका बसल्यासारखा हॉर्नवरचा हात काढला.

मग ते खाली उतरले आणि जीपच्या चाकाशी टेकून जमिनीवर बसले. एकोणतीस वर्षं गाडी हाकली, एक कुत्रं चाकाखाली येऊ दिलं नव्हतं.

"म्हणजे ती पाच..." ते म्हणाले. साठी उलटलेला तो माणूस भर दुपारी देवळासमोर ढसाढसा रडला.

बायजाक्कानं त्यांना रडू दिलं.

"...आता काय करू, अक्का?"

तिनं लोकर बाजूला ठेवली. खांद्यावरची काळी घोंगडी काढून त्यांच्या हातात दिली.

"आधी पट्टा सोड. मग हॉर्न वाजला की ही तिच्या तोंडावर झटक. वरडून."

"शेवंतीच्या?"

तिनं मान डोलावली.

"आणि हॉर्न कोण वाजवणार?"

बायजाक्का काठी टेकत उठली, आणि जीपमध्ये जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली. त्या जागेवर हिंदुरावांनी आजवर कुणालाही बसू दिलं नव्हतं.

दोन्ही बाजू मोकळ्या पाहून हिंदुराव रस्ता ओलांडून गेले. शेवंती त्यांना पाहून पुढं झाली. त्यांनी तिला कडेपासून बरंच आत, उतारावर नेलं. तिनं खिशात तोंड घातलं. खिशात चणे होते. त्यांनी ते मुठीत धरून ठेवले, आणि हे त्यांना फार जड गेलं.

पट्टा सोडला. गळ्यावरचे केस दबून तिथं फिकट वळ उठला होता. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला.

रस्त्यापलीकडून हॉर्न वाजला.

शेवंतीचे कान आनंदानं पुढं झाले. हिंदुरावांनी घोंगडी झटकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले.

ती दचकून मागं उडाली. दहा पावलांवर थांबून तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा जवळ आली. त्यांची काहीतरी चूक झाली असावी, असं तिला वाटलं असणार.

दुसरा हॉर्न. घोंगडी.

तिसरा.

चौथ्या वेळी घोंगडीचं टोक तिच्या नाकावर बसलं. ती फुरफुरली, वळली आणि टेकडी चढू लागली. वर बिनपट्ट्याची घोडी चरत होती. तीही बिथरली, आणि सगळी मिळून टेकडीपलीकडे उतरली.

पाचवा हॉर्न वाजला तेव्हा टेकडीवर फक्त धुरळा होता.

हिंदुराव परत आले तेव्हा बायजाक्का जीपमध्येच होती, हात हॉर्नवर.

"अजून तेरा हायत," ते म्हणाले. "उद्यापासनं सगळ्यास्नी लावतो कामाला. पट्टे सोडायला."

त्यांनी घोंगडीची घडी घातली. नीट जमली नाही, पुन्हा घातली.

"तिच्या डोळ्यांत बघितलं मी, अक्का. मला वैरी समजून गेली ती. हे तिच्याच भल्यासाठी केलं... माझा जीव हाय तिच्यावर... हे तिला कधी कळंल का?"

बायजाक्का रस्त्याकडे पाहत राहिली. एक टेम्पो हॉर्न देत गेला. पलीकडच्या उतारावर काहीच हललं नाही.

"त्ये तिला कळलं, की ती रस्त्यावर येती, ड्रायवर."