बोटभर कमी

"आज का नाही, वस्ताद?"

जिनदत्तचा हात ग्राइंडरपाशी येऊन थांबला होता. ग्राइंडरवर हळदकुंकू होतं, झेंडूचं फूल होतं.

"खंडेनवमी हाय. आज हत्यार चालवायचं न्हाई."

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या दस्तगीर वस्तादांच्या गॅरेजात हा रिवाज त्यांच्याही वस्तादांपासून चालत आलेला. वर्षभर राबलेली हत्यारं त्या दिवशी पुजायची आणि निजू द्यायची. फुलं दस्तगीर वस्ताद स्वतः वाहत.

"पण उद्या दसरा..."

जिनदत्तची नजर भिंतीकडे गेली. तिथे त्याच्या स्वतःच्या दुकानाची पाटी कागदात गुंडाळून उभी होती. दसऱ्याला ती लावायची आणि नारळ वस्तादांनी फोडायचा. वस्तादांची अट एकच होती : आधी तुझं हेड माझ्या हेडएवढा श्वास घेऊ दे.

इंजिन श्वास घेतं ते त्याच्या डोक्यावरच्या झाकणातल्या, म्हणजे हेडमधल्या वाटेनं. हवा जेवढी जास्त आत जाईल, तेवढा गाडीला जोर. ती हवा मोजायला जिनदत्तनं स्वतःच्या हातानं फ्लोबेंच बांधला होता. प्लायवूडची पेटी, आत जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी, वर हेड बसवायला भोक, बाजूला निळीच्या पाण्याची तिरकी नळी. मोटारी हेडमधून हवा ओढायच्या. हवा जास्त आली की नळीतलं पाणी वर चढायचं.

नळीवर पेन्सिलीची एक रेघ होती. वस्तादांचं हेड लावलं तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं.

जिनदत्तचं पाणी त्या रेघेच्या बोटभर खाली थांबायचं. वाट कापून कापून त्यानं आरशासारखी केली होती. तरी बोटभर कमीच.

"आता हे एवढं वळण राहिलंय," तो म्हणाला. वाटेच्या तळाशी त्यानं खडूनं खूण करून ठेवली होती. "इथलं जरा काढलं की मोकळं झालं."

"भिंत किती उरलीय तिथं?"

"...जाड कागदाएवढी."

"फुटली तर?"

"हेड भंगारात."

"आन् पाटी?"

जिनदत्त अंगठ्यानं हेडवरची धूळ पुसू लागला.

"बरं, पेटी चालव. बघू तरी."

"आज चालतंय?"

"तिला कुठं धार हाय?"

मोटारी घुमायला लागल्या. हेडमधून हवा फरफरत आत आली. निळं पाणी चढलं, चढलं... आणि रेघेखाली बोटभर थांबलं.

"बघा. अडतीय हवा. कापल्याबिगर गत्यंतर नाही."

वस्ताद डोळे मिटून ती फरफर ऐकत होते.

"हवेला विचारलंस?"

"काय?"

"कुठनं जायचंय तिला."

"हवेला कसं विचारणार, वस्ताद!"

वस्तादांनी मोटारी बंद करायला लावल्या. पेटीच्या फटी लिंपून उरलेला शाडूचा गोळा फळीवर पडला होता. त्यातली चिमूटभर माती त्यांनी घेतली, बोटानं मळली, हेडमध्ये हात घातला आणि खडूची खूण होती नेमक्या त्या जागी ती थापली.

"अहो! वाट बुजवताय की तुम्ही!"

"लई बोलतोस. चालू कर."

मोटारी पुन्हा घुमल्या.

हेडमधली फरफर थांबली होती. आता नुसता एक लांब, मऊ सुस्कारा ऐकू येत होता.

पाणी चढलं. रेघेला टेकलं... केसभर वर गेलं.

जिनदत्तनं मोटारी बंद केल्या. माती काढली. पुन्हा चालू. पाणी बोटभर खाली. पुन्हा माती थापली. पाणी रेघेवर.

तो तसाच पालथ्या डब्यावर बसला. मग हसायला लागला. हसता हसता त्यानं दोन्ही हात कानांना लावले.

"खोल वळणात हवा भोवरे घेत होती तर! आणि मी तिथंच कापणार होतो!"

वस्तादांनी पूजेच्या ताटातला एक पेढा त्याच्या तोंडात कोंबला.

"नारळ हलवून बघून आण. त्या बाळगोंडाच्या गॅरेजच्या उद्घाटनाला नासका निघालेला. अजून वास जात न्हाई हाताचा."

"आणतो, वस्ताद, आणतो!" जिनदत्त केव्हाच उठला होता. पेढा अजून तोंडात होता आणि डोळे हेडवर. "पण एकदाच... वरच्या अंगाला पण जरा माती लावून बघतो. अजून चढेल पाणी. एकदाच!"

त्यानं गोळ्याकडे हात नेला.

वस्तादांनी ताटातलं झेंडूचं एक फूल उचललं आणि शाडूच्या गोळ्यावर ठेवलं.

"आज हत्यार चालवायचं न्हाई."