ठरावातला रस्ता

एका नगरपालिकेत एक नकाशेवाली होती. नाव विभावरी कुलथे. शिक्षण मोठं आणि खुर्ची मोडकी. गावाचा नकाशा संगणकात उतरवायचा आणि तो बिनचूक ठेवायचा, हे तिचं काम. पण ही बाई संगणकावर बसते म्हटल्यावर कुणी तिच्याकडे बिघडलेला प्रिंटर आणी, कुणी मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरून मागे. तिच्या जिवाचे हाल विचारूच नका.

गावाबाहेर, ओढ्यापलीकडे कुंभारांची वस्ती होती. भट्ट्या, गवताच्या गंजी आणि एकमेकांना चिकटलेली घरं. मागे तिथे आग लागली तेव्हा पालिकेचा बंब गल्लीबोळांत चुकला होता. तो पोचेपर्यंत घरांची राख झाली. म्हणून तर हा नकाशा करायचं ठरलं. बंबात संगणकाचा पडदा बसवायचा, आगीचं ठिकाण टाकायचं, की जवळचा रस्ता समोर हजर. विभावरीने उन्हातान्हात गाव पायाखाली घातलं. असलेले रस्ते तिने सलग रेघेने काढले, व्हायचे होते ते ठिपक्यांनी. ठिपक्यांवरून बंब जाणार नाही, अशी सोयही केली.

नकाशा सभेत ठेवला आणि तिचे भोग सुरू झाले. एका सभापतींना रंग फिके वाटले. दुसऱ्यांना कोपऱ्यात आपला फोटो हवा होता. बांधकाम खात्याने तर, संगणकातला नको, भिंतीवर टांगता येईल असा द्या, म्हणून सांगितलं. ती बिचारी मान डोलवत राहिली. मग नगराध्यक्ष दादासाहेबांचं बोट कुंभारवस्तीकडे जाणाऱ्या ठिपक्यांवर येऊन थांबलं.

"हा रस्ता अर्धवट का दिसतोय?"

"अर्धवट नाही साहेब, झालेलाच नाही."

"ठराव झालाय. नारळ फुटलाय. मी स्वतः कुदळ मारलीय. मग रस्ता नाही कसा?"

आता यावर माणसाने काय बोलावं? तरी ती बोलली. ओढ्यावर पूल नाही, रेघ सलग केली तर बंब तिकडूनच जाईल आणि अडकेल, असं तिने समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या सभेत पुन्हा तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या सभेतही तोच. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दादासाहेबांचा निरोप आला, की नकाशाच्या उद्घाटनाला पाहुणे येणार आहेत, ठिपके बरे दिसत नाहीत.

विभावरीने डोक्यात राख घालून घेतली. ज्यांचं गाव त्यांनाच पर्वा नाही, तर मीच का घसा कोरडा करू? घ्या तुमचा रस्ता. तिने ठिपके पुसले, सलग रेघ ओढली आणि पर्स उचलून घरी गेली. ते करताना पुढे काय होऊ शकतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. उद्घाटन थाटात झालं. दादासाहेबांनी नकाशाला हारसुद्धा घातला.

उन्हाळ्यात एका दुपारी भट्टीची ठिणगी गंजीवर पडली. फोन येताच बंब निघाला. ड्रायव्हर भोसेकर नवा होता, पडद्यावर भरवसा ठेवून चालला. भूमिपूजनाची पाटी लागली, मग बाभळी लागल्या आणि मग ओढ्याचा उभा काठ. पलीकडे धूर दिसत होता, पण जायला वाट नव्हती. बंब मागे घेऊन, जुन्या रस्त्याने वळसा घालून तो वस्तीत पोचला, तेव्हा सरूबाई कुंभारणीचं घर जळून बसलं होतं. माणसं वाचली, एवढंच नशीब.

दादासाहेब लगोलग वस्तीवर आले. जळक्या वाशांकडे पाहून म्हणाले, "बघा, म्हणूनच तर आम्ही हा रस्ता मंजूर केला होता."

बातमी ऐकून तिथे आलेल्या विभावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात सरूबाई तिच्यापुढे येऊन उभी राहिली. पदर काळा, हातात अर्धवट जळालेली गोधडी.

"बाई, नकाशा तुमीच काढला नव्हं? तो रस्ता तुमी डोळ्यानं बघितला व्हता?"

"नाही."

"मग काढला कसा?"

"साहेबांनी सांगितलं म्हणून," विभावरी म्हणाली. हे उत्तर तिने वाटेत येतानाच तयार ठेवलं होतं.

सरूबाई ओरडली नाही की रडली नाही. तिने गोधडी खाली ठेवली आणि म्हणाली, "सायबाला सवताला काढता येत असता, तर त्यानं तुमाला कशाला सांगितलं असतं?"

 विभावरीला फार लाज वाटली.

तात्पर्य: वैतागून दिलेला होकार हाही होकारच असतो. खोटं कुणीही सांगो, ते ज्याच्या हातून कागदावर उतरतं, त्याला त्यातला आपला वाटा दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही.