चिंचोका नसलेला गड

डोंगराला टेकून वसलेल्या एका गावात शेवंता नावाची एक हौशी मुलगी राहत होती. ते दिवसच वेगळे होते. दिवाळी सरली तरी मुले अंगणातला मातीचा किल्ला मोडत नसत, त्याला वेढा घालून खेळत. किल्ला बांधेल तो गडकरी, बाकीचे गनीम. गनिमांनी चाल सांगायची, पुढे काय झाले ते गडकऱ्याने सांगायचे, आणि अडले की कवड्या टाकायच्या. रीत एकच होती. गडकऱ्याने बांधतानाच तटात कुठेतरी एक चिंचोका पुरायचा. ती गडाची कच्ची जागा. तिथे चाल केली आणि कवड्या उताण्या पडल्या, की गड पडला.

शेवंता पहिल्यांदाच गडकरी झाली होती. तिने ओढ्याची माती आणली, हळीव पेरून हिरवळ केली, गेरूने बुरूज रंगवले. मग चिंचोका हातात घेतला. एवढा जीव ओतलेला गड पडायचा? तिने तो हळूच ओच्यात लपवला.

वेढा पडला.

"आम्ही भुयार खणतो," गेनू म्हणाला.

"खाली खडक आहे."

"मग पाणी तोडतो," तुळसा म्हणाली.

"आत विहिरीच विहिरी आहेत."

"घोरपड लावून वर चढतो!"

"तटाला तेल चोपडलंय."

"आणि घोरपडीला ताप आलाय, होय ना?" गेनू उठलाच. "शेवंते, तुझा गड तूच खेळ बाई."

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकले नाही. पलीकडच्या आळीतून गोट्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. शेवंताचे तट शाबूत होते, बुरूज शाबूत होते, आणि तिला रडू येत होते.

माहेरपणाला आलेली आत्या तिच्याजवळ येऊन बसली. तीही लहानपणी गडकरी व्हायची.

"आत्या, तुझा गड कधी पडला होता?"

"दरवर्षी पडायचा गं. एकदा गवताच्या भाऱ्यात लपून शिरले मेले! तुझा बाप सगळ्यांत पुढं." आत्या हसता हसता डोळे पुसू लागली.

"आणि जो पडलाच नाही, तो?"

"असेल एखादा. तो कुणाला आठवतोय!"

शेवंताने गडाची मागची बाजू उकरली आणि चिंचोका आत दाबला. मग पलीकडच्या आळीत गेली. "काल मी चिंचोका घातलाच नव्हता. आता घातलाय. चला." गेनूने तोंड वाकडे केले, पण आला.

तिन्हीसांज होत आली तेव्हा तुळसा म्हणाली, "गवळणी मागच्या वाटेनं दूध घेऊन जातात ना? आम्ही घागरी घेऊन त्यांच्यात मिसळतो."

नेमकी तीच जागा! 'मागची वाट बंद आहे' हे शेवंताच्या अगदी ओठांवर आले. तिने ते गिळले.

"टाक कवड्या."

साऱ्या कवड्या उताण्या पडल्या. असा गलका झाला की गोठ्यातली गाय दचकली. गड शेवंताचा पडला होता, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडत होती.

"उद्या परत बांधशील ना?" गेनूने विचारले.

आता शेवंता सासरी किल्ला बांधते. तिची लेक म्हणते, "आई, कुणाला आत येताच येऊ नये असा बांध." आईचा जीव तो, शेवंतालाही क्षणभर तसेच वाटते. मग ती लेकीच्या मुठीत एक चिंचोका ठेवते.

तात्पर्य: खेळ मांडणाऱ्याने दुसऱ्यासाठी आत यायची एक वाट ठेवावी; ज्या गडात कुणालाच शिरता येत नाही, त्यात गडकरी एकटाच उरतो.