सावरदऱ्याच्या घाटातली रिकामी गाडी

ही बघा, ही आमच्या घाटातली सगळ्यात अरुंद जागा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी आणि मधे एकच गाडी जाईल एवढी वाट. वळणावर शेंदूर लावलेला धोंडा दिसतो ना, त्याला आम्ही कोंडाई म्हणतो. इथं समोरासमोर आलेले ड्रायव्हर हॉर्न वाजवत नाहीत. इंजिन बंद करून खाली उतरतात. त्यामागं एक गोष्ट सांगतात.

बैलगाड्यांच्या काळी या घाटाची राखण सुभान मेटकरी करायचा. चौकीवर त्याचा शब्द शेवटचा. गाडीला गाडी भिडली की मागं कुणी सरायचं यावरून रोज हमरीतुमरी व्हायची. म्हणून सुभाननं नियम घातला, की भरलेल्या गाडीला वाट द्यायची, रिकामीनं मागं सरायचं. नियम शहाणपणाचाच होता. चढावर ओझ्याची गाडी मागं घेतली, तर ती बैलांसकट दरीत जायची. पण माणसं वस्ताद. एक पोतं टाकून ‘आमची भरलेली’ म्हणत अडून बसायला लागली. तेव्हा सुभाननं ठरवून दिलं, की चार पोत्यांचं ओझं असेल ती भरलेली, त्याखालची रिकामी. मग म्हणे बारा वर्षं घाटात भांडण झालं नाही. सुभानला त्याचा अभिमान होता, आणि तो असायला हरकतही नव्हती.

एका दुपारी वरच्या वाडीचा लुमाजी बायकोला, कोंडाईला, गाडीत घालून घाट उतरत होता. ती बाळंतपणात अडली होती आणि सुईण पायथ्याच्या गावात. या वळणावर समोरून मिठाची गाडी आली, दहा पोत्यांची. सुभाननं लुमाजीला विचारलं, गाडीत काय आहे? आपल्याकडचा गडी, चारचौघांत बायकोचं दुखणं कसं बोलणार? खाली बघत म्हणाला, माल काही नाही, कारभारीण आहे. सुभाननं पडदा सारून पाहिलं. त्याला सगळं कळलं, असं सांगतात. पण नियम त्याचाच होता. आज आपणच मोडला, तर उद्या कोण पाळणार? त्यानं गाडी रिकामी ठरवली.

लुमाजीनं बैल सोडले आणि गाडी रेटत रेटत साठ पावलं मागं, चढावर नेली. मिठाची गाडी निघून गेली. तोवर कोंडाईचं कण्हणं थांबलं होतं. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं.

लुमाजी रडला नाही म्हणतात. तो सुभानपुढं येऊन उभा राहिला.

"सुभानबा, आता बघून सांग. ही गाडी भरली हाय का रिकामी?"

सुभाननं बैलाच्या जागी आपला खांदा जुवाला लावला आणि कोंडाईची गाडी वाडीपर्यंत ओढत नेली. चितेपुढं त्यानं शपथ घेतली, की या घाटात गाडीत काय आहे असं पुन्हा कुणी विचारणार नाही. लुमाजीनं त्याला माफ केलं का, ते कुणी सांगत नाही. मलाही विचारू नका.

आता सरकारनं पायथ्याला पाटी लावलीय. अवजड वाहन म्हणजे काय, हलकं म्हणजे काय, सगळं टनात लिहिलंय. ते असावंच. पण या वळणावर आजही ड्रायव्हर एकमेकांना एवढंच विचारतात, "गाडीत कोण आहे?" उत्तर ऐकल्यावरच मागं कोण सरणार ते ठरतं. गाडीत ड्रायव्हर एकटाच असला, तरी ‘रिकामी आहे’ असं इथं कुणी म्हणत नाही. तो आपलं नाव सांगतो.