दमणी आणि खटारा

फार फार जुनी गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका गावात दोनच बैलगाड्या होत्या. एक दमणी: हलकी, छताची, घुंगरांची. दुसरा खटारा: ओझी वाहणारा, आणि चालीचं म्हणाल तर म्हातारीही पुढे निघून जाईल. चांगली गाडी कोणती, या वादात गावाने जन्म घालवला. दरवर्षी माळावर शर्यत व्हायची, दमणी जिंकायची आणि लोक खटाऱ्याला हसायचे. घाटाच्या उतारावर मात्र कुणी कधी शर्यत लावली नाही. माळावर बसून बघायला सावली होती ना!

दोन्ही गाड्या गावच्या सुतारानेच बांधलेल्या. खटाऱ्याला त्याने मागे साखळी ठेवली होती. उतारावर तिला ओंडका बांधायचा. तो जमिनीवर घासत आला की गाडी आवरते. दमणीला साखळी नव्हती. मालकाला वजन नको होतं.

एके दिवशी ऊन कलताना सुताराच्या लेकीचं बाळंतपण अडलं. सुईण घाटाखालच्या गावात, आणि घाटात वाघीण फिरत होती. सुताराची पाचावर धारण बसली.

दमणीवाला म्हणाला, "काका, वाघिणीने मान वळवायच्या आत खाली नेतो."

खटारेवाला म्हणाला, "मला वेळ लागेल. पण पोचवीन."

"वेळच तर नाही रे," सुतार म्हणाला. साखळीची गोष्ट त्याला आठवली होती बरं का. पण भीतीपुढे त्याचं काही चाललं नाही. त्याने लेकीला दमणीत घातलं आणि स्वतःही तिच्याजवळ बसला.

उतार लागला. झाडीतून एकदाच गुरगुर आली आणि बैल उधळले. दमणीवाल्याने कासरा ओढून तळहात सोलून घेतले, पण गाडीच बैलांना मागून रेटत होती.

"बाबा, थांबवा ना," लेक म्हणाली. बाप नुसता तिला घट्ट धरून बसला.

वळणावर दमणी दरडीला धडकली. चाक मोडलं, बैल जू तोडून पळाले. दमणीवाला जीव मुठीत धरून खटारा आणायला घाट चढू लागला.

मागे बापलेक दोघंच उरली. अंधारून येत होतं. पाचोळा वाजला की सुतार लेकीवर ओणवा व्हायचा. तिला कळांवर कळा येत होत्या आणि ओरडायचीही चोरी. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

खूप वेळाने वरून ओंडक्याची घरघर ऐकू आली. खटारा त्याच्या नेहमीच्या चालीने आला आणि त्याच चालीने लेकीला खाली घेऊन गेला.

सुईणीने लेक वाचवली. बाळ मात्र रडलं नाही.

"थोडं आधी आणायचं होतं," ती हळूच म्हणाली.

सुतार उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. लेकीला पहिल्यानेच खटाऱ्यात बसवलं असतं तर ती दिवेलागणीच्या आत इथे असती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्ही तर जास्तच, ध्यानात ठेवा: भ्यालेल्या मनाला वेग तेवढा दिसतो, पण मुक्कामाला पोचवते ती गाडी, जिला थांबताही येतं.